थरावर थर



नाताळात गोव्यातल्या घरी गेलात, की ताटलीत बेबिंका हा थरांचा गोड पदार्थ येतो. त्याची वडी जरा उभी धरून पाहा. एक रेघ गडद तपकिरी, एक सोनेरी, पुन्हा तपकिरी. किमान ७ थर, हा जुना रिवाज.

साहित्य तसं मोजकंच. नारळाचं घट्ट दूध, अंड्यांचा बलक, साखर, मैदा, तूप आणि थोडं जायफळ. पण खरा कस लागतो तो धीराचा. भांड्यात चमचाभर तूप, त्यावर पळीभर पीठ. आच वरून लागायला हवी, म्हणून जुन्या घरांत झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. एक थर खरपूस झाला, की पुन्हा तूप, पुन्हा पीठ. खालचा कच्चा असतानाच घाईने वरचा ओतला, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि रेघच पुसली जाते. सकाळची दुपार होते, घरभर खमंग वास दरवळत राहतो.

या पदार्थाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याचा खरा मान आहे तो चुलीपाशी बसून राहणाऱ्या हातांचा.

माणसाचंही असंच आहे. विद्या असो, रियाज असो, की नातं. कालचा थर नीट भाजला गेला, तरच आजचा त्यावर टिकतो. आज घरच्यांसाठी काही गोड करायला घ्याल, तेव्हा घड्याळाकडे पाहू नका. त्या गोडीत तुमचा वेळही उतरू द्या.

आपला दिवस गोड जावो.