ईश्वराची करुणा आणि जीवाचा दुराग्रह

परमेश्वर दयाळू, मयाळू, कृपाळू आहे, हे आपण नित्य स्मरणात म्हणतो. तो सर्वसमर्थ आहे, हेही म्हणतो. मग येथे सहजच प्रश्न उपस्थित होतो की, जो दयाळूही आहे आणि समर्थही आहे, त्याच्या करुणेपुढे हा अल्प जीव इतका काळ अडून कसा बसतो? दयेत काही उणे आहे, की सामर्थ्यात? आणि दोहोंतही उणे नसेल, तर जीवाच्या हट्टाला एवढे बळ कोठून आले?

हा प्रश्न केवळ आपल्याच शास्त्राचा नाही. ज्या ज्या मार्गाने ईश्वराला करुणावान मानले, त्या त्या मार्गाला तो सोडवावा लागला. ख्रिस्ती भक्तिवाङ्मयाचा तर हा प्रमुख विषय आहे. आणि त्या धर्मातील काही थोर मराठी माणसांचे जीवन या पुणे शहरात व आसपासच घडले असल्यामुळे ते आपणांस परके नाही. शेजाऱ्याच्या घरी दिवा कसा लावतात हे पाहिल्याने आपला दिवा मालवत नाही. यास्तव त्यांचे चिंतन प्रथम समजून घेऊ, आणि मग आपल्या शास्त्राकडे वळू.

केशिराजव्यासांच्या दृष्टान्तपाठामुळे दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक ही रीत आपल्या परिचयाची आहे. ख्रिस्ती शास्त्रातही दोन दृष्टान्तरूप कथा या विषयाला नेमक्या लागू पडतात.

पहिली योना नावाच्या संदेष्ट्याची. निनवे नगरातील लोक दुराचारी झाले होते. त्यांना सावध करण्याची आज्ञा ईश्वराने योनास केली. योना उलट दिशेच्या जहाजात बसून पळाला. वादळ झाले, समुद्रात पडला, मत्स्याच्या उदरात राहिला आणि अखेर निरुपायाने निनवेस गेला. लोकांनी त्याचे ऐकले, पश्चात्ताप केला, आणि ईश्वराने नगराचा नाश टाळला. कथा येथे संपली असती तर ती साधी बोधकथा झाली असती. पण योना संतापला. ज्यांचा नाश व्हावा असे त्याला वाटत होते, त्यांच्यावर दया झाली हे त्याला सहन होईना. तो नगराबाहेर जाऊन रुसून बसला. ईश्वराने एका वेलीची सावली त्याला दिली, दुसऱ्या दिवशी ती वेल सुकली, आणि योना वेलीसाठी हळहळू लागला. तेव्हा ईश्वराने त्याला विचारले की, जी तू लावली नाहीस त्या वेलीचा तुला कळवळा येतो. मग एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसे आणि कितीतरी गुरेढोरे ज्या नगरात आहेत, त्याचा कळवळा मला येऊ नये काय? या प्रश्नावरच ग्रंथ संपतो. योनाने काय उत्तर दिले ते सांगितलेले नाही.

दुसरी कथा लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सर्व उडवतो, डुकरे राखण्याची पाळी येते आणि परत फिरतो. बाप दुरूनच पाहून धावत जातो. हा भाग सर्वांस ठाऊक असतो. पण थोरला मुलगा शेतातून येतो, घरातील वाद्ये ऐकतो आणि आत येण्याचे नाकारतो, हा उत्तरार्ध थोडेच लोक ध्यानी घेतात. बाप धाकट्यासाठी जसा बाहेर आला, तसाच थोरल्याची समजूत घालण्यासाठीही बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हेही अनुत्तरितच राहते.

आता दार्ष्टान्तिक पाहा. दोन्ही कथांत उघड पापी जे आहेत, म्हणजे निनवेचे लोक आणि धाकटा मुलगा, ते लवकर वळले. वळले नाहीत ते आज्ञेतले, घरातले, स्वतःला ईश्वराच्या जवळचे मानणारे. अर्थात् सर्वांत कठीण दुराग्रह पापाचा नसून अधिकाराचा आहे. ‘करुणा माझ्या वाट्याला आली ती योग्यच, दुसऱ्याच्या वाट्याला गेली ती अयोग्य’, असा ज्याचा निश्चय झाला, त्याला वळविणे करुणेलाही अवघड जाते.

याची साक्ष पुण्याच्या इतिहासात मिळते. दिनांक 14 ऑक्टोबर 1890 रोजी येथील पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा ठेवण्यात आला. काहींनी तो घेतला, काहींनी नुसता हाती धरला. एवढ्यावरून ग्रामण्य झाले; न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखे पुरुषही त्यात गोवले गेले, आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. एका पेल्यापायी ज्या शहराने एवढा खल केला, त्याच शहरात त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी आपले शारदासदन मुंबईहून आणले होते आणि तेथे बालविधवांना अन्न, निवारा व विद्या मिळत होती. ज्यांच्या दुःखाविषयी शास्त्रार्थ होत नव्हता त्या मुली, आणि ज्याच्याविषयी शास्त्रार्थ थांबत नव्हता तो चहा, यांना शेजारी ठेवून पाहिले म्हणजे दुराग्रह कशाला म्हणतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु रमाबाईंचे चरित्र हा प्रश्न आणखी खोल नेते. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही विदुषी कन्या. आईवडील आणि थोरली बहीण यांना त्यांनी उपासमारीच्या दिवसांत गमावले. व्रते, तीर्थे, पुराणश्रवण यांत त्या कुटुंबाने काही कमी केले नव्हते. ईश्वराची करुणा कोठे आहे, हा त्यांच्यापुढे पुस्तकातला प्रश्न नव्हता. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तेथेही त्यांनी आपली बुद्धी गहाण ठेवली नाही. त्रैक्यासारखी तत्त्वे पटल्यावाचून त्या मान्य करीनात, तेव्हा ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला होता, त्यांनाच त्या हट्टी व अहंकारी वाटू लागल्या. इकडे पुण्यात सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी येऊन बसतात म्हणून गदारोळ झाला. 1893 मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी आपला संबंध सोडला, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. म्हणजे स्वधर्मीयांनी त्यांना हट्टी म्हटले आणि परधर्मीयांनीही हट्टीच म्हटले.

मग त्या हट्टी होत्या काय? याचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले आहे. पुढे 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी अशा आशयाची कबुली दिली की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. दोन्हीकडच्या पंडितांना वादात न हरणारी ही स्त्री आपणहून म्हणते की, मी दाराशी आले होते, आत गेले नव्हते. जो दुराग्रही असतो त्याला हे वाक्य उच्चारता येत नाही. आणि त्यानंतर घडले काय? 1896–97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी मुली केडगावी घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या. स्वतः भोगलेल्या भुकेची आठवण त्यांना तेथे घेऊन गेली. करुणा मिळाल्याची खूण हीच की ती पुढे वाहू लागते.

येथे निष्ठा आणि दुराग्रह यांतील भेद स्पष्ट होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्ही वाकत नाहीत. परंतु निष्ठा सत्यासाठी अडून बसते आणि अधिक सत्य दिसताच उठते. दुराग्रह स्वतःसाठी अडून बसतो आणि सत्य दिसले तरी उठत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण करुणेची रीत दाखविते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या तरी आपले सोवळे व आपली चूल त्यांनी स्वतंत्र ठेवली, आणि टिळकांनी ती ठेवू दिली. जातिभेद माणसाने केला, ईश्वराने नव्हे, हा निश्चय त्यांच्या मनात त्यांचा त्यांनाच झाला, तेव्हा ते सोवळे गळून पडले. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हे ठाऊक आहे. पिकलेले फळ देठ सोडते. ओढून काढले तर फांदी मोडते.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. ख्रिस्ती मतात जीव ईश्वरनिर्मित आहे. म्हणून दयाळू ईश्वराने हट्टी जीव निर्माण केलाच का, हा आक्षेप तेथे येतो. आणि ईश्वराने दिलेल्या स्वातंत्र्याचा मानवाने दुरुपयोग केला, असे त्याचे उत्तर ते देतात. आपल्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी व स्वतंत्र आहेत. जीवाची अविद्याही अनादी आहे. ती परमेश्वराने लावलेली नाही. म्हणून तिचा दोष त्याच्याकडे जात नाही. दोष नसताही तो केवळ कृपेने अवतार स्वीकारतो, जीवाच्या भाषेत बोलतो, त्याच्या दारी येतो. भेद लहान नाहीत, आणि ते पुसूही नयेत. परंतु दोन्ही शास्त्रे एका ठिकाणी मिळतात: ईश्वर येतो, बोलावतो, ज्ञान देतो, पण उत्तर जीवानेच द्यावयाचे असते. बळाने घडविलेले अनुसरण हे अनुसरणच नव्हे. करुणा सक्ती करीत नाही हे तिचे असामर्थ्य नसून तिचे स्वरूप आहे.

म्हाइंभटांचे चरित्र आठवा. सराळ्याचे हे गाढे पंडित विद्येच्या अभिमानाने सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींशी वाद करावयास आले. स्वामींनी त्यांना झिडकारले नाही, बोलू दिले. जिंकावयास आलेला पंडित शरण गेला. आणि ज्या बुद्धीने खंडन करावयाचे होते, त्याच बुद्धीने त्यांनी गावोगाव फिरून, एकेकाला विचारून लीळा मिळविल्या. आज लीळाचरित्र आपल्या हाती आहे ते एका मोडलेल्या अभिमानाचे फळ होय. रमाबाईंना ज्यांच्या लेखनाचा आधार झाला, ते नीळकंठशास्त्री गोऱ्हेही ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठीच काशीत पुढे सरसावले होते, आणि 1848 साली ख्रिस्ती झाले. दोघांचे मार्ग भिन्न, गन्तव्य भिन्न. पण हट्ट वितळण्याची रीत एकच.

शेवटी प्रश्न आपल्याकडे येतो. आपण आज असन्निधानाच्या काळात आहोत. आपणांस ज्ञान लाभले, नाम लाभले, आचार लाभला. म्हणूनच योनाचे आणि थोरल्या मुलाचे भय आपणांसच अधिक आहे. विपरीत काळात ग्रंथरक्षणासाठी पूर्वजांनी सकळ, सुंदरी आदी लिप्या योजिल्या, ते योग्यच होते. परंतु ग्रंथ छापले गेले, लिप्या उलगडल्या, तरी मनाची लिपी अद्याप मिटलेलीच असेल तर? आश्रमाच्या दारी आलेल्या अनोळखी माणसाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो? आपल्याच मार्गातील दुसऱ्या आम्नायाच्या साधूची स्तुती कानी आली, तर आपल्याला आनंद होतो की मन आखडते? या प्रश्नांची उत्तरे ज्याची त्याने स्मरणाच्या वेळी द्यावीत.

योनाचा ग्रंथ प्रश्नावर संपतो, कारण उत्तर वाचकाने द्यावयाचे असते. जो स्वतःच्या दुराग्रहाला दुराग्रह म्हणून ओळखतो, त्याच्यापुरता तो अर्धा सुटलाच. उरलेल्या अर्ध्यासाठी परमेश्वराची कृपा समर्थ आहे.

दंडवत प्रणाम.