जपायचं की सोडून द्यायचं?

पितृपक्ष लागला की माळव्यातल्या कुमारिका भिंतीवर शेणानं संजा काढतात, त्यावर फुलांच्या पाकळ्या लावतात, संध्याकाळी आरती करून गाणी म्हणतात. आपल्या भोंडल्याची ही माळवी बहीण. रोज नवी आकृती, अमावास्येला किल्लाकोट ही शेवटची आकृती, आणि मग सगळं पाण्यात विसर्जित.

माळव्यातल्याच उज्जैनमध्ये मुलांची कलाकार्यशाळा कलादालनात भरवायची, तर पहिला पेच इथेच पडतो. दालनाचा धर्म जपण्याचा, संजाचा सोडण्याचा.

दोन्ही बाजूंना या शहरात आधार सापडतो. १९५७ मध्ये भीमबेटकाची शैलचित्रं जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर उज्जैनचेच. हजारो वर्षं टिकलेल्या रेषांचा त्यांनी अभ्यास केला, आणि भारती कला भवनात नव्या हातांना चित्रकलाही शिकवली. दुसरीकडे, इथल्याच सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण ६४ दिवसांत ६४ कला शिकला, असं परंपरा सांगते. त्यातलं एकही चित्र कुणी जपून ठेवलेलं नाही.

मग फळ कुठलं, चित्र की ते काढतानाची तल्लीनता?

गीतेचा निष्काम कर्माचा उपदेश आठ वर्षांच्या मुलावर लादणं अन्यायाचं. आईनं आपलं चित्र पाहावं, ही त्याची साधी आस असते. पण बक्षिसासाठी रंगवायला लावणं त्याहून वाईट. आयोजकांनी स्पर्धा टाळावी, संध्याकाळी सगळी चित्रं मांडावीत, आणि चित्र घरी न्यायचं की विसर्जित करायचं, हे मुलालाच ठरवू द्यावं.