चकाकी दिसली, पण विकर दिसले का?

1941 मध्ये अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाला प्रतिदीप्त रंग जोडल्याचे जाहीर केले. आज याच युक्तीने पेशीतली विकरे (एन्झाइम) शोधतात. पण सूक्ष्मदर्शकात दिसते ती रंगाची चकाकी. प्रतिपिंड विकराच्या एका छोट्याशा भागाला चिकटते. तसाच भाग दुसऱ्या प्रथिनावर असला तर तिथेही चिकटते. तेव्हा हे ज्ञान प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे, न्यायशास्त्राच्या पंडितांच्या, म्हणजे नैयायिकांच्या, ‘धूर दिसला म्हणजे अग्नी आहे’ या जातीचे. अनुमानाला प्रमाण न मानणारा चार्वाक इथे अडवेल: जिथे चकाकी तिथे विकर, ही व्याप्ती सर्वत्र तपासली कोणी? आक्षेप रास्तच आहे, पण त्याने अनुमान मोडत नाही, त्याची अट कडक होते. म्हणून विकराचे जनुकच काढून टाकलेल्या पेशींवर तेच प्रतिपिंड लावून पाहतात. तरीही चकाकी उरली, तर व्याप्ती खोटी. न्यायशास्त्रातला व्यतिरेक (अग्नी नाही तिथे धूरही नाही) तो हाच, फक्त इथे तो घडवून आणावा लागतो.

मग डोळ्यांनी पाहणेही अनुमानच नाही का, असे कोणी विचारेल. मला ते पटत नाही. डोळ्यांवरचा भरवसा उपजत असतो. प्रतिपिंडावरचा प्रत्येक प्रयोगात नव्याने कमवावा लागतो. शिवाय चकाकी विकराचा ठावठिकाणा सांगते, त्याचे काम चालू आहे की नाही हे सांगत नाही. निष्क्रिय विकरालाही प्रतिपिंड (बिचारे!) तितक्याच निष्ठेने चिकटू शकते.