फौज कोणाच्या शब्दाने परतावी?

आद्यकवी मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या वास्तव्याने आपल्याला परिचित असलेल्या अंबाजोगाईचे निजामी दप्तरातील नाव मोमिनाबाद. आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांना हे गाव ठाऊक होते ते ना कवींमुळे ना योगेश्वरीमुळे, तर तेथील छावणीमुळे. या छावणीत हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचे रिसाले राहत. फौज नावापुरती निजामाची, अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा, आणि खर्च अंतिमतः त्या रयतेचा, जिला ही फौज कशासाठी आली, किती दिवस राहणार आणि केव्हा जाणार हे कोणी कधी विचारले नाही व सांगितलेही नाही. परक्या फौजेने एखाद्या मुलखातून केव्हा निघावे हे ठरविण्याचा अधिकार त्या मुलखातील लोकांचा असावा काय, हा प्रश्न अलीकडच्या काळात इराक-अफगाणिस्तानच्या संदर्भात विचारला गेला. पण बीड जिल्ह्याच्या माणसाला त्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही.

या इतिहासात परक्या फौजेला 'निघा' असे म्हटले गेले आणि ती खरोखरच निघाली, असा एक प्रसंग आहे. ११ मार्च १७९५ रोजी बीडच्या सीमेलगत, नगर जिल्ह्यातील खर्ड्यास मराठ्यांनी निजाम अलीखानाचा पराभव केला. त्या वेळी हैदराबादेस ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन पलटणी होत्या, परंतु गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थतेचे धोरण धरल्यामुळे त्या मराठ्यांविरुद्ध उतरल्या नाहीत. आणि संकटात कामास न येणारी फौज पोसायची कशाला, हा कोणाही व्यवहारी माणसाला सुचेल असा प्रश्न निजामालाही सुचून त्याने त्यांना निरोप दिला. परंतु काही महिन्यांतच त्याचा मुलगा अलीजाह बंड करून उठला, आणि ज्यांना घालवले त्यांनाच परत बोलावण्याची पाळी निजामावर आली. त्यानंतर १७९८ चा तह झाला, रेमंडने उभारलेली फ्रेंच तालमीची फौज मोडण्यात आली, आणि १८०० च्या तहाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी बल्लारी, कडप्पा वगैरे मुलूख कंपनीला तोडून दिला गेला. राज्यकर्त्याने फौज घालवली ती रागाने, परत बोलावली ती भीतीने. राग आणि भीती या दोन्ही भावना दरबारातल्या होत्या, बीड-पाटोद्याच्या कुणब्याच्या नव्हेत.

तैनाती फौज आणि कंटिंजंट या दोन वेगळ्या फौजा, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. पहिलीला तहाचा आधार तरी होता. दुसरी रेसिडेंट हेन्री रसेलच्या काळात, निजामाच्याच फौजेला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायत देता देता आकाराला आली. १८१८ साली बीडच्या बाजूला धर्माजी प्रतापरावाने बंड केले तेव्हा ते मोडण्यास निजामाच्या नावाने गेलेल्यांत सदरलँड हा इंग्रज अधिकारी होता. लढाया संपल्या, पेशवाई बुडाली, पेंढारी नामशेष झाले, तरी ही फौज मात्र घटली नाही. तिचा खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपये होता, तो भागविण्यासाठी पामर कंपनी या पेढीपासून सावकारांपर्यंत सर्वांकडून कर्जे झाली, आणि शेवटी कर्ज देणारा व फौज ठेवणारा एकच, म्हणजे कंपनी सरकार, अशी विलक्षण अवस्था प्राप्त झाली. १८०० च्या तहान्वये ही फौज कायम बाळगण्याचे बंधन निजामावर होते असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही, हे दुसऱ्या कोणी नव्हे तर खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीने लिहून ठेवले आहे. आणि तरीही त्याच डलहौसीने १८५३ साली त्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख लिहून घेतला. धाराशिव व रायचूर १८६० साली परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने पुढे अनेक वर्षे ते सोडवण्याची खटपट केली, ती फुकट गेली, आणि १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाखांच्या बोलीवर कायमचा पट्टा करून घेतला. गंमत अशी की लगोलग, १९०३ साली, कंटिंजंट हे स्वतंत्र अस्तित्व संपवून ती फौज हिंदी लष्करात विलीन करण्यात आली. ज्या फौजेसाठी मुलूख गहाण पडला ती फौज राहिली नाही, गहाण मात्र राहिले!

बिचाऱ्या निजामाच्या पैशावर सगळे चालले आहे, अशी थट्टा त्या काळी इंग्रज अधिकाऱ्यांत रूढ होती. थट्टा करणाऱ्यांना हेही सुचले नाही की निजामाची तिजोरी आकाशातून भरत नसते. ज्वारीच्या रानावरचा सारा, गावच्या पाटलाच्या चावडीवर मोजून घेतलेला, तालुक्याच्या कचेरीतून पुढे जाऊन शिलेदाराच्या घोड्याच्या दाण्यात रूपांतरित होत असे. आणि हे रिसाले लढले कोठे? १८५८ साली ह्यू रोझच्या सैन्याबरोबर जी हैदराबाद कंटिंजंट मध्य हिंदुस्थानात गेली तिने झाशीच्या राणीविरुद्धच्या मोहिमेत भाग घेतला. मराठवाड्याच्या साऱ्यावर पोसलेली फौज झाशीवर चालून गेली, याची खंत आपल्या इतिहासलेखनात फारशी आढळत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

येथवरचा निवाडा सोपा आहे. जो पोसतो त्याला विचारले नाही, हा अन्याय. एवढे म्हणून निबंध संपविता आला असता. परंतु १९४८ साल आडवे येते.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी हिंदुस्थान सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, आणि त्याच्या जोडीला सिकंदराबादेतील हिंदी फौज फेब्रुवारी १९४८ पर्यंत काढून घेण्याचे ठरले. अखेर फौज परत गेली! तत्त्वतः यात आनंद मानावयास हवा होता. परंतु जी छावणी रयतेला शतकभर जाचली ती रिकामी होताना त्या रयतेला आनंद नव्हे तर धास्ती वाटली, कारण मागे उरले होते कासिम रझवीचे रझाकार. गावे ओस पडू लागली, माणसे सरहद्दीपलीकडे मुंबई इलाख्यात आसऱ्याला गेली, आणि स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांनी १९३५ पासून काही वर्षे याच अंबाजोगाईत योगेश्वरी विद्यालयाचे काम केले, ते निजामाच्या तुरुंगात होते. फौज यावी हे ठरविताना लोकांना विचारले नव्हते. फौज जावी हेही दिल्ली आणि हैदराबाद यांनी आपसांत ठरविले. म्हणून परक्या फौजेचे जाणे हे स्वयमेव स्वातंत्र्य होय, हे मत मला मान्य करता येत नाही.

१३ सप्टेंबरला हिंदी फौजेची पोलिस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. निजामाने सुरक्षा समितीकडे या कारवाईला परचक्र म्हणून तक्रार केली होती. मराठवाड्याच्या बहुसंख्य जनतेने तिला मुक्ती म्हटले, आणि त्या जनतेचा कौल मी प्रमाण मानतो. परंतु 'जनता' हा शब्द उच्चारताना कोण वगळले जाते याचा हिशेब द्यावाच लागतो. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या शिष्टमंडळाने त्या वर्षाच्या अखेरीस जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून जो अहवाल दिला त्यात औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड येथील आकडा याहून पुष्कळ मोठा. मारले गेलेले मुख्यतः मुसलमान होते. फौजेतील काही तुकड्यांनी त्यांचे रक्षण केले, काहींनी हत्येत आणि लुटीत हात बुडविले, अशा दोन्ही नोंदी त्यात आहेत. रझाकारांची पापे या मृतांच्या माथी मारता येत नाहीत. हा अहवाल दशकानुदशके सरकारी कपाटात राहिला.

आता कल्पना करा की ऑक्टोबर १९४८ मध्ये बीड जिल्ह्यात कौल घेतला असता, तर प्रचंड बहुमताने फौज राहावी असेच उत्तर आले असते. मग ज्याच्या घरातला कर्ता मारला गेला त्याने काय करावे? बहुमताचा कौल फौजेला राहण्याचा अधिकार देऊ शकतो. वाटेल तसे वागण्याचा देऊ शकत नाही. माझ्या मते लोकांच्या अधिकाराचे दोन भाग आहेत आणि दुसऱ्यावाचून पहिला पोकळ ठरतो: फौजेने जावे की राहावे हे त्या भूमीतील निवडलेल्या सभेने ठरवावे, आणि फौज आहे तोवर तिच्या हातून पीडलेल्याची फिर्याद त्या फौजेबाहेरच्या न्यायासनापुढे, उघडपणे चालावी. मराठवाड्याला त्या वेळी यांतले काहीच मिळाले नाही. जनरल चौधरींचा लष्करी अंमल १९४९ च्या अखेरीपर्यंत चालला, मग वेल्लोडींचा मुलकी कारभार आला, आणि लोकांनी निवडलेले सरकार मार्च १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्णराव यांच्या रूपाने स्थापन झाले. ज्यांच्या नावाने कारवाई झाली त्या लोकांचे मत मतपेटीत पडायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला.

यावर नेहमीचा आक्षेप असा की लोकांवर सोपवले तर ते घाईने फौज घालवतील आणि मागे यादवी माजेल. आक्षेप खोटा नाही. यादवी कित्येकदा माजलीही आहे. परंतु तो करणारा कोण, हे पाहिले पाहिजे. १८८२ साली इजिप्तमध्ये तात्पुरते म्हणून उतरलेले इंग्रज सैन्य १९५६ च्या जूनमध्ये सुवेझहून शेवटचे बाहेर पडले, आणि मधल्या ७४ वर्षांत 'देश अजून तयार नाही' हे कारण कधी जुने झाले नाही. इराकच्या संसदेने जानेवारी २०२० मध्ये परक्या फौजांनी जावे असा ठराव केला. त्यानंतरही त्या तेथेच राहिल्या. दोहा येथे फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिका आणि तालिबान यांनी करार केला तेव्हा काबूलच्या सरकारला त्यात स्थानच नव्हते. राहणाराही विचारत नाही, जाणाराही विचारत नाही. यादवीचे परिणाम ज्यांना भोगावयाचे त्यांनीच तो धोका तोलावा. हजार कोसांवरून तोलणाऱ्याच्या तराजूत आपले हित सहसा आधीच पडलेले असते.

आणि हे सारे इतरांना सांगण्यापूर्वी आपणही एकदा परकी फौज होतो, हे विसरता कामा नये. १९८७ साली श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेला राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी १९८९ च्या जूनमध्ये जाण्यास सांगितले. दिल्लीने आधी हरकती काढल्या, पुढे सरकार बदलले, आणि २४ मार्च १९९० रोजी शेवटचे जवान श्रीलंकेतून निघून मद्रासला परतले. त्यांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. ईशान्य श्रीलंकेच्या प्रांतिक सरकारला ही फौज हवी होती, म्हणजे तेथेही लोक एकमुखी नव्हते; आणि शांतिसेनेवर अत्याचाराचे जे आरोप झाले त्यांची पीडितांसमोर उघड चौकशी झाली नाही, ही आपली थकबाकी आहेच. तरी निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने जा म्हटले आणि उशिरा का होईना आपण गेलो. आपल्याकडे ती माघार पराभव म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती आपल्या लष्कराच्या इतिहासातील एक सन्माननीय गोष्ट वाटते, आणि पुन्हा कधी परदेशी फौज पाठविण्याची वेळ आली तर परतीची तारीख तेथील निवडलेल्या सभेच्या हाती राहील हे कलम आपल्या संसदेने आधीच लिहून घ्यावे.