सुट्टीतील वाचन आणि विवेक

वार्षिक परीक्षा संपतात, नाशिकचे ऊन तापू लागते आणि घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आता या मुलांच्या सुट्टीचे करायचे काय? शिबिरे आहेत, शिकवण्या आहेत, आजोळ आहे आणि या सर्वांना पुरून उरणारा मोबाइलही आहे. अशा गर्दीत काही घरांतील मुले अजूनही पिशवी घेऊन वाचनालयाची वाट धरतात, हे आम्हांला भाग्याचे लक्षण वाटते. आपले शहर या बाबतीत दरिद्री नाही. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, ज्याला नाशिककर आपुलकीने 'सावाना' म्हणतात, आजही वाचकांची सेवा करीत आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली आणि २५-२५ पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीपर्यंत नेल्या. पुस्तके मिळत नाहीत, असे म्हणायला आपल्याला फारशी जागा नाही.

खरा प्रश्न निराळाच आहे. रविवारच्या मिस्सानंतर पालक तो आम्हांला विचारतात : "फादर, पोरगं वाचनालयातून वाटेल ते आणतं. वाचू द्यावं का?" कोणाची तक्रार असते की मुलगा भुताखेतांच्या आणि हेरगिरीच्या गोष्टींत बुडाला आहे. कोणाला वाटते की मुलगी परधर्मीयांच्या कथा वाचते, त्याने तिची श्रद्धा डळमळेल. पुष्कळांचे म्हणणे असे की अभ्यासाच्या उपयोगाचे एकही पुस्तक घरात येत नाही. तक्रारी तीन असल्या तरी त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. मुलाने काय वाचावे, हे ठरवायचे कोणी?

या काळजीची थट्टा करणे योग्य होणार नाही. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला श्रद्धेत वाढविण्याची जबाबदारी आईवडिलांनी देवासमोर स्वीकारलेली असते. पुस्तक मनात शिरते आणि तेथे घर करून राहते. मग त्या घराच्या दाराशी आईबापांनी उभे राहू नये काय? ख्रिस्तसभेनेही शतकानुशतके हाच विचार केला होता. पोप पॉल चौथे यांच्या काळात, १५५९ साली, निषिद्ध ग्रंथांची सूची प्रसिद्ध झाली आणि पुढे चारशे वर्षे ती या ना त्या रूपात चालू राहिली. १९६६ साली, पोप पॉल सहावे यांच्या कारकिर्दीत, त्या सूचीचे कायद्याचे बळ काढून घेण्यात आले. मात्र त्याच वेळी हेही स्पष्ट करण्यात आले की श्रद्धेला आणि नीतीला बाधक असणाऱ्या वाचनापासून दूर राहण्याचे नैतिक कर्तव्य संपलेले नाही. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ख्रिस्तसभेने राखण सोडली नाही. राखणदार मात्र बदलला. सूचीच्या जागी सदसद्विवेकबुद्धी आली.

पण विवेकबुद्धी मुलात येते कोठून? येथे आम्हांला संत इग्नेशियस लोयोला यांची आठवण होते. १५२१ सालच्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि लोयोलाच्या वाड्यात त्यांना महिनोन्महिने अंथरुणावर पडून राहावे लागले. वेळ जाईना, म्हणून त्यांनी आपल्या आवडीच्या वीरकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. होते ते प्रभू येशूचे चरित्र आणि संतांच्या कथा. निरुपायाने त्यांनी तीच पुस्तके हाती घेतली आणि पुढचा इतिहास आपण जाणतोच.

येथे एखादा पालक म्हणेल, "पाहा फादर, वाईट पुस्तके घरात नव्हती म्हणूनच ते संत झाले!" युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, पण इग्नेशियस यांनी स्वतः सांगितलेली हकीकत त्याहून खोल आहे. त्या दिवसांत त्यांच्या मनात दोन प्रकारचे विचार आलटूनपालटून येत. कधी ते एका राजस्त्रीसाठी गाजवायच्या पराक्रमाची स्वप्ने रंगवीत, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्याप्रमाणे जगण्याचे मनात आणीत. दोन्ही विचार चालू असताना गोडच लागत. परंतु पहिला विचार सरला की मन कोरडे आणि असमाधानी राही, तर दुसरा सरल्यावरही आनंद टिकून राही. हा फरक एके दिवशी त्यांच्या ध्यानात आला आणि त्यातूनच त्यांच्या आध्यात्मिक विवेकाचा पाया घातला गेला. ज्याने वीरकथांची चवच घेतली नव्हती, त्याला ही तुलना करता आली असती काय? आणि ज्याचा प्रत्येक तास कोणी आखून दिला होता, त्याला ती करायला सवड तरी मिळाली असती काय?

म्हणून आमचे मत असे की सुट्टीतील वाचनाला दोन गोष्टी हव्यात : निवडीची मोकळीक आणि रिकामा वेळ. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनाच्या महत्त्वाविषयी एक पत्र लिहिले. सुट्टीच्या कंटाळवाण्या, उन्हाच्या, सामसूम दिवसांत एखादे चांगले पुस्तक ओलाव्याची जागा ठरते, असा विचार त्यांनी त्यात मांडला आहे. त्याच पत्रात त्यांनी १९६४-६५ मधील आपला अनुभव दिला आहे. ते तेव्हा अर्जेंटिनातील सांता फे येथील येशूसंघाच्या शाळेत साहित्य शिकवीत होते. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे जुने काव्य होते. विद्यार्थ्यांना ते रुचेना, त्यांना गार्सिया लॉर्का हवा होता. तेव्हा 'एल सिद' घरी वाचायचे आणि वर्गात मुलांच्या आवडीच्या लेखकांविषयी बोलायचे, असे त्यांनी ठरविले. नेमलेले पुस्तक त्यांनी टाकले नाही आणि मुलांची आवडही झिडकारली नाही.

मोकळीक म्हणजे मात्र पाठ फिरविणे नव्हे. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती काय पडते, हे आईवडिलांनी पाहिलेच पाहिजे. परंतु मूल पुस्तक घेऊन घरी आले की "याचा उपयोग काय?" हा प्रश्न आपण प्रथम विचारतो, तो शेवटी विचारावा, किंवा विचारूच नये. पुस्तक संपल्यावर त्याच्याजवळ बसावे आणि विचारावे, "तुला यातलं कोण आवडलं? वाचून झाल्यावर कसं वाटलं?" फास्टर फेणेच्या धाडसाने मूल हुशारले असेल, तर ते सांगेल. भयकथेने रात्री झोप उडाली असेल, तर तेही सांगेल आणि पुढच्या वेळी कदाचित स्वतःच ते पुस्तक मागे ठेवील. ही आपली पहिली विवेकसाधना, असे आम्ही म्हणू.

परधर्मीयांच्या कथांचे भय बाळगणाऱ्यांना एकच सांगावेसे वाटते. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली याच नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्या हिंदू मातेकडून सत्य आणि दया शिकलेल्या ख्रिस्ती मुलाची श्रद्धा दुबळी होईल, असे आम्हांला वाटत नाही. सर्व धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते आपण नाकारीत नाही, ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण आहे. आणि त्याच वाचनालयात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत. लग्नानंतर अक्षरे गिरविणाऱ्या आणि १९३६ साली नाशकातच प्रभूघरी गेलेल्या या ख्रिस्ती बाईंचे पुस्तक सर्व धर्मांच्या मराठी वाचकांनी आपले मानले. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय असणार?

शेवटी एक विनंती. धर्मग्रामातील काही घरांना वाचनालयाची अनामत आणि वर्गणी जड जाते. आपल्या मुलाचे नाव नोंदविताना ज्यांना शक्य असेल त्यांनी शेजारच्या मुलाचेही नोंदवावे. तेही एक दानच आहे. पुस्तके मुदतीत परत जातीलच, पण ती वाचून झाल्यावर मनात काय उरले, हे पाहायला शिकलेले मूल मोठेपणी स्वतःची राखण स्वतः करील.