साडेतीनाचा वर्ग

अर्ध्याचा वर्ग पाव होतो, हे ऐकून शाळेतली मुलं चपापतात. तिनाचे नऊ, पाचाचे पंचवीस; वर्ग केला की संख्या वाढते, एवढंच त्यांनी पाहिलेलं असतं. मग अर्धं घटतं कसं? या प्रश्नाला ‘अंशाचा वर्ग भागिले छेदाचा वर्ग’ असं उत्तर देऊन पुढे जाणं मला पटत नाही. हे सूत्र फार उशिरा आलं. त्याआधी दोरी होती.

यज्ञवेदी आखणाऱ्यांसाठी रचलेल्या आपस्तंब शुल्बसूत्रात, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, हे हिशेब आले आहेत. दीड पुरुष (‘पुरुष’ हे लांबीचं माप) लांबीच्या दोरीवरच्या चौरसाचं क्षेत्र सव्वादोन, अडीच पुरुष दोरीवरचं सव्वासहा. अर्ध्या मापाने पाव क्षेत्र मिळतं, तिसऱ्या हिश्शाने नववा हिस्सा. अपूर्णांकाचा वर्ग इथे जमिनीवर दिसत होता. चौरस उभा आणि आडवा दुभागला की चार सारखे चौरस होतात. अर्ध्या बाजूच्या वाट्याला त्यातला एकच येतो. शंकेला जागाच उरत नाही.

पुढे 499 साली आर्यभटाने चौरस आकृती, तिचं क्षेत्रफळ आणि दोन समान संख्यांचा गुणाकार एकाच श्लोकात आणले. वर्ग आता जमिनीवाचूनही करता येणार होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) अंश आणि छेद यांचे वेगवेगळे वर्ग करण्याचा नियम आहे, आणि उदाहरण आहे साडेतीनाचं. सात छेद दोन, म्हणून एकोणपन्नास छेद चार, म्हणजे सव्वाबारा. औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, पाठ असलेल्या मराठी माणसाला हे तोंडीच येई. त्याच ग्रंथातली दुसरी युक्ती अधिक देखणी आहे: संख्येत काहीतरी मिळवा, तेवढंच वजा करा, दोन्हींचा गुणाकार करा आणि मिळवलेल्याचा वर्ग त्यात घाला. साडेतीनात अर्धा मिळवला तर चार, वजा केला तर तीन. चार त्रिक बारा, वर पाव. आपस्तंबांचे सव्वादोन आणि सव्वासहाही असेच सुटतात.

पण अंश-छेदाच्या नियमाचं खरं सामर्थ्य दोरी जिथे थांबते तिथे कळतं. कोणत्या अपूर्णांकाचा वर्ग दोन होईल? बाजू एक असलेल्या चौरसाच्या कर्णाचा वर्ग दोन असतो; त्या कर्णासाठी शुल्बसूत्रांनी दिलेली किंमत 577/408 इतकी होते. तिचा वर्ग 332929/166464. अंश छेदाच्या दुपटीहून अवघ्या एकाने जास्त! जमिनीवर आखताना हा फरक कोणाला दिसणार? नियमाला मात्र तो दिसतो आणि त्याचं कारणही सांगता येतं. अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात असेल, तर अंश आणि छेद यांना सामाईक मूळ अवयव नसतो. वर्ग केल्याने नवा मूळ अवयव येत नाही, जुनेच दुप्पट वेळा येतात. म्हणून छेद कधीच पूर्ण छाटला जात नाही, आणि खऱ्या अपूर्णांकाचा वर्ग पूर्णांक होऊच शकत नाही. दोनाचं वर्गमूळ अपूर्णांकांत न सापडण्याचं कारण शाळेतल्या त्या एका ओळीच्या सूत्रातच आहे.

म्हणून वर्गात आधी चौरस दुभागून दाखवावा, मग सूत्र सांगावं आणि शेवटी विचारावं, ‘दोन मिळतील का?’ डोळ्यांना पटलेलं सूत्र मुलं विसरत नाहीत. आणि त्याच सूत्राने डोळ्यांपलीकडचं सिद्ध करता येतं, हे कळलं की गणित त्यांचं स्वतःचं होतं.