कलमं वेगळी, संगम वेगळा

म्हसावद, ता. शहादा

चि. भाचीस,

अँकी या उजळणीच्या ॲपमध्ये रोज ढीगभर कार्डं येतात, त्यातली निम्मी पाठच असतात आणि राज्यघटनेची कलमं मात्र हमखास चुकतात, असं तू फोनवर म्हणालीस. तुझा अभ्यास कमी पडत नाहीये, पोरी. तुझी सगळी कार्डं एकाच प्रीसेटमध्ये, म्हणजे सेटिंगच्या एकाच संचात आहेत, घोळ तिथे आहे.

२०२३ मध्ये अँकीत एफएसआरएस ही पद्धत आली. तू किती वेगाने विसरतेस, याचा अंदाज ती तुझ्या जुन्या उत्तरांवरून बांधते आणि आठवण्याची शक्यता ९० टक्क्यांवर उतरेल त्या सुमारास कार्ड पुढे करते. कुठलं कार्ड किती जड, हे ती वेगळं मोजते खरं. पण विसरण्याचं मूळ गणित एका प्रीसेटमधल्या सगळ्यांना एकच.

आता तापी-गोमाईचा संगम प्रकाशाला, हे तुला पाठ करावं लागलं नाही. आईचं बोट धरून तू तो पाहिलायस. पण ३३८ अनुसूचित जाती आयोगाचं, ३३८अ अनुसूचित जमाती आयोगाचं, ३४२ जमातींच्या यादीचं. यात मनाला धरायला काही नाही. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली पाठांतराचे स्वतःवर केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांना जेवढे कष्ट पडले, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात बायरन कवीची कडवी त्याला पाठ झाली. केळीला आणि हरभऱ्याला एकाच पाळीने पाणी देतं का कोणी? तुझ्या एकत्र हिशेबात संगम विनाकारण लवकर येतो आणि कलम येतं ते विसरून गेल्यावर.

म्हणून कलमं आणि सनावळ्यांचा एक प्रीसेट कर, समजून लक्षात राहणाऱ्या भूगोलाचा दुसरा, इंग्रजी शब्दांचा तिसरा. नुसते डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, वेगळे करून भागत नाही, ते सगळे मूळ प्रीसेटलाच जोडलेले राहतात. पुस्तकागणिक गटही नकोत. राज्यघटनेतलीच उद्देशिका आणि कलमांचे आकडे एका चालीने विसरले जात नाहीत. ९ सप्टेंबर १९४२ ही शिरीषकुमारांच्या हौतात्म्याची तारीख सनावळीत टाकू नकोस, नंदुरबारच्या पोरांना ती घोकावी लागत नाही.

फार बारीक तुकडेही पाडू नकोस. मोजक्याच उत्तरांवरून अंदाज बांधला तर तो कच्चाच राहणार. आणि विसरलीस तर 'अगेन'चंच बटण दाब. 'हार्ड' म्हणजे कष्टाने का होईना, पण आठवलं. तिथे मनाची समजूत घातलीस की सगळा हिशेब खोटा होतो.

आधी ३३८ आणि ३३८अ कलमांच्या डेकमध्ये हलव, मग बाकीची कलमं. नव्या प्रीसेटवर ऑप्टिमाइझ चालव. महिनाभराने कलमांच्या डेकची 'ट्रू रिटेन्शन'ची, म्हणजे खरोखर आठवलेल्या कार्डांची, टक्केवारी बघ आणि मला कळव.

तुझा मामा